बीज आणि त्याची भूमी
(आपल्या मंडळाच्या अंतरवाली सराटी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ज्ञातीच्या मेळाव्यात शिक्षण, विवाहातील खर्च, वसतिगृह, शिष्यवृत्त्या असे विषय नेहमी चर्चिले जातात, आणि ते चर्चिले जाणे योग्यच आहे. परंतु आपल्यापैकी बहुसंख्यांचा संसार ज्या एका गोष्टीवर उभा आहे, तिच्याविषयी या व्यासपीठावरून क्वचितच कोणी बोलते. ती गोष्ट म्हणजे बी. दर मृगाला आपण ते विकत घेतो, तिफणीच्या चाड्यात सोडतो, आणि मग आभाळाकडे पाहू लागतो. ते बी कोणत्या शेतात वाढले, कोणत्या हवेत भरले, कोणाच्या हातून मळले गेले याची विचारपूस आपण करीत नाही. सोयरिकीच्या वेळी मात्र चार पिढ्यांची चौकशी करतो! आज मी आपणापुढे जे मांडणार आहे ते एवढेच, की पिकाचे असो वा चाऱ्याचे असो, बी किती भरेल आणि कसे उगवेल हे पेरणीच्या दिवशी ठरत नसून, ते ज्या शेतात वाढले तेथील परिस्थितीने आधीच ठरलेले असते.

हा विषय या गावी मांडण्यासही कारण आहे. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातील उपोषणामुळे अंतरवाली सराटीचे नाव साऱ्या देशाला ठाऊक झाले. त्या प्रश्नाचा ऊहापोह करण्याचे हे स्थळ नव्हे. तथापि ज्या असंतोषाला तेथे वाचा फुटली, त्याच्या मुळाशी शेती आतबट्ट्याची झाल्याचे दुःख होते, हे कोणीही नाकारणार नाही. ते दुःख बियाण्याच्या पिशवीने सर्वस्वी दूर होईल असे म्हणण्याइतका मी भोळा नाही; पण बी उगवले नाही म्हणजे जी दुबार पेरणी करावी लागते, तिने ते वाढते एवढे निश्चित.

प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. धान्य निराळे आणि बी निराळे. धान्य पोट भरण्यासाठी असते. ते मेले तरी पोट भरते. बी जिवंत असावे लागते. म्हणून जे शेत डोळ्यांना हिरवेगार व भरघोस दिसते, ते बियाण्यासाठी उत्तम असतेच असे नाही. वनस्पतीचे आयुष्य दोन ओढींमध्ये विभागलेले असते. एक ओढ अंग वाढविण्याची, दुसरी वंश वाढविण्याची. पाणी आणि नत्र यांची लयलूट झाली की पहिली ओढ बळावते. पान वाढते, खोड वाढते, पीक लोळते, आणि फुलोरा लांबणीवर पडतो. उलट उपासमार झाली तर फुले येतात पण भरत नाहीत. या दोहोंमधील सुवर्णमध्य साधणे हेच बीजोत्पादकाचे कौशल्य होय.

बियाणे तीन टप्प्यांनी घडते. फुलोऱ्याच्या पंधरवड्यात दाण्यांची संख्या ठरते. त्यानंतर दाणा भरण्याच्या काळात त्याचे वजन ठरते. आणि पक्वतेपासून मळणीपर्यंत त्याचा जोम, म्हणजे उगवण्याची शक्ती, एक तर टिकते किंवा वाया जाते. पहिल्या टप्प्यात पाण्याचा ताण पडला तर कणसात दाणेच कमी लागतात, आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती तूट भरून येत नाही. दुसऱ्या टप्प्यात ताण अथवा कडक ऊन पडले तर दाणे लागलेले असतात, पण बारीक व सुरकुतलेले राहतात. तिसऱ्या टप्प्यात पाऊस आला तर दाणा टपोरा दिसूनही आतून निर्जीव होतो. हे तीन टप्पे लक्षात ठेवले की पुढील उदाहरणांचे मर्म सहज कळेल.

आपल्या रब्बी ज्वारीचेच पाहा. मालदांडी ३५-१ हा वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रात स्वातंत्र्यापूर्वी निवडला गेला, आणि अद्यापही त्याची भाकरी व त्याचा कडबा लोकांना प्रिय आहे. गोदाकाठची खोल काळी जमीन पावसाळ्याचे पाणी पोटात साठवते आणि त्या ओलीवर हे पीक हिवाळाभर तग धरते. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत झाली तर फुलोरा जमिनीत ओल असतानाच येतो. उशीर झाला की दोन संकटे एकदम येतात. ओल सरत जाते, आणि फुलोरा कडाक्याच्या थंडीत सापडतो. रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरले म्हणजे ज्वारीचे पराग निकामी होऊ लागतात आणि कणीस अर्धवट भरते. खरिपातील संकरित ज्वारी रब्बीत आणून लावणाऱ्यांना अपयश आले त्याचे हेही एक कारण होय. उलट, खरिपाच्या ज्वारीचे दाणे पावसात भिजले तर बुरशीने काळे पडतात. म्हणजे एकाच पिकाला एका हंगामात थंडी नडते आणि दुसऱ्यात ओल.

बाजरीच्या कणसावर आधी स्त्रीकेसर बाहेर पडतात आणि पराग मागाहून. मधल्या दोन-चार दिवसांत आभाळ भरून आले, हवा दमट व गार राहिली, तर त्या उघड्या स्त्रीकेसरांवाटे अरगट रोग शिरतो आणि दाण्याऐवजी चिकट मधासारखा स्राव व काळे कठीण पिंड तयार होतात. म्हणूनच बाजरीचे संकरित बियाणे कोरड्या हवेत, पुष्कळदा उन्हाळी हंगामात, पाण्याखाली घेतात. मक्याची तऱ्हा याच्या उलट. भर उन्हाळ्यात तुऱ्यातील पराग व कणसाचे केस दोन्ही वाळतात, आणि कणसात दाणे विरळ लागतात. चाऱ्यासाठी लावलेल्या मक्याला हे चालेल. बियाण्याच्या मक्याला चालणार नाही.

हरभऱ्याला थंडी हवी असे आपण म्हणतो, पण तिलाही मर्यादा आहे. अति थंडीत फुले येतात आणि घाटे न धरता गळतात; पारा पस्तीस अंशांच्या वर गेला तरी तेच. शिवाय भारी जमिनीत ओलीतामागून ओलीत देत गेले तर झाड माजते आणि घाटा धरीत नाही. आपल्या आया-बहिणी भाजीसाठी हरभऱ्याचे शेंडे खुडतात. त्या खुडण्याने फांद्या फुटतात व घाटे वाढतात, हे त्यांना कोणत्याही विद्यापीठाने शिकविले नव्हते.

तुरीचे झाड फुलांची उधळपट्टी करते. आलेल्या फुलांपैकी फार मोठा भाग गळून जातो आणि थोड्यांच्याच शेंगा होतात. धुके पडले, आभाळ आले की गळ वाढते आणि घाटे अळीही बळावते. आपल्या जिल्ह्यातील बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे जे वाण दिले, त्यांतील बीडीएन ७११ हा लवकर तयार होणारा वाण मध्यम जमिनीत, ओल सरण्याच्या आत, आपले काम उरकतो. वाण निवडणे म्हणजे फुलोऱ्याला योग्य हवेची गाठ घालून देणे, हा धडा त्यातून मिळतो. तुरीविषयी आणखी एक सावधगिरी अशी, की तिच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि शेजारच्या शेतातील परागही आणतात. म्हणून प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला दुसऱ्या तुरीपासून शंभर मीटर अंतर राखावे लागते. हे अंतर न राखता घरचे बी धरले तर काही वर्षांत पांढरी तूर तांबडी का झाली, असे आपण एकमेकांस विचारीत बसतो.

आता चाऱ्याकडे वळू. चाऱ्याच्या बियाण्याची उपेक्षा धान्याहूनही अधिक आहे, आणि त्याचे प्रायश्चित्त दुष्काळात भोगावे लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातील जनावरे छावण्यांत बांधावी लागली, हे कोण विसरेल? चाऱ्याची अडचण अशी, की चारा म्हणजे बी धरण्यापूर्वीचे कोवळे झाड. चांगला चारा हवा तर फुलोऱ्याच्या सुमारास कापावे लागते. बी हवे तर न कापता राखावे लागते. एकाच शेतातून दोन्ही भरपूर मिळण्याची आशा व्यर्थ आहे.

लसूणघासाचे उदाहरण बोधप्रद आहे. वारंवार पाणी व खत दिले की तो महिन्याच्या आत पुन्हा कापणीस येतो. पण बी धरावयाचे असेल तर त्याला थोडे तहानलेलेच ठेवावे लागते. हवा कोरडी, ऊन स्वच्छ आणि पाण्याच्या पाळ्या लांबविलेल्या असाव्यात. पाणी अधिक झाले तर फुटवे येत राहतात व शेंग भरत नाही. त्याच्या फुलाची रचनाही मोठी विलक्षण आहे. केसरांची दांडी खालच्या पाकळ्यांत ताणून बसविलेली असते; मधमाशी फुलावर उतरली, तिचा भार पडला, म्हणजे ती उसळून वर येते आणि परागसिंचन होते. माशी आली नाही तर पुष्कळशी फुले तशीच सुकून जातात. बरसीमलाही माशी हवी, आणि बी भरेपर्यंत सौम्य हवा हवी. आपल्याकडे ऊन लवकर चढते, म्हणून बरसीमच्या बियाण्यासाठी उत्तर हिंदुस्थानाकडे पाहावे लागते. गजराज गवताची गोष्ट मात्र वेगळी. बाजरी आणि नेपियर यांच्या संकरातून ते जन्मले. बाजरीची गुणसूत्रे १४, नेपियरची २८, आणि अपत्याची २१. विषम संख्येमुळे त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून त्याला उगवणारे बी येत नाही व ठोंबच लावावे लागतात. तेथे हवेचा वा मशागतीचा दोष नाही. कोणत्या पिकाचे बी धरता येते आणि कोणत्याचे नाही, हे समजणे हाही ज्ञानाचाच भाग होय.

मधमाशीचा उल्लेख आला, त्याबाबत थोडे सांगितले पाहिजे. कांद्याचे बी घेण्यासाठी निवडक कांदे हिवाळ्याच्या तोंडावर लावतात. थंडीने डोंगळे फुटतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरे गोंडे फुलतात. या गोंड्यातील प्रत्येक फुलाचे पराग आधी सुटतात आणि त्याच फुलाचे स्त्रीकेसर मागाहून तयार होते. म्हणजे स्वतःच्या परागाची त्याला मदत नाही. माशीनेच ने-आण केली पाहिजे. आणि नेमक्या त्याच वेळी फुलकिडे दिसतात म्हणून आपण जहाल औषध फवारतो! किडे मरतात, माश्याही मरतात, आणि गोंडे बाहेरून सुरेख परंतु आतून रिकामे राहतात. औषध देणे भागच असेल तर ते फुले उमलण्यापूर्वी द्यावे, अथवा सायंकाळी माश्या परतल्यावर द्यावे. सूर्यफुलाचे दाणे मध्यभागी पोकळ राहतात त्याचेही हेच एक कारण होय. माश्या नसतील तर सकाळच्या वेळी हाताला मऊ कापड गुंडाळून फुलांवरून हळुवार फिरवावा, असा सल्ला कृषितज्ज्ञ देत आले आहेत. जे काम माशी फुकट करीत होती ते आता मजुरी देऊन करवून घ्यावे लागते, यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

आता मुख्य उदाहरणाकडे येतो. सोयाबीन हे आज आपल्या खरिपाचे प्रमुख पीक झाले आहे. त्याच्या दाण्याचे कवच अतिशय पातळ, आणि अंकुर कवचाच्या अगदी लगत. म्हणूनच कायद्याने हरभऱ्याच्या प्रमाणित बियाण्याला किमान ८५ टक्के उगवण ठरविली असता सोयाबीनला ७० टक्क्यांवर सवलत दिली. २०१९ च्या ऑक्टोबरात, सोयाबीन काढणीस आले असता, परतीचा पाऊस दिवसेंदिवस कोसळत राहिला. शेंगा शेतात भिजल्या, वाळल्या, पुन्हा भिजल्या. त्या पिकातून जे बियाणे निघाले ते २०२० च्या जूनमध्ये पेरले गेले, आणि मराठवाड्यातून बी न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. दोष कोणाचा याचा निवाडा न्यायालयाने करावा; मी केवळ कार्यकारणाची साखळी दाखवीत आहे. जूनमध्ये मातीत जे मेले, त्यातील पुष्कळसे ऑक्टोबरच्या पावसातच मेलेले होते. आठ महिने ते पोत्यात पडून होते आणि कोणी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहिले असते, तर ही गोष्ट पेरणीपूर्वीच कळली असती.

या अनुभवानंतर शासनाच्या कृषी विभागाने २०२१-२२ मध्ये उन्हाळी सोयाबीनच्या बीजोत्पादनास उत्तेजन दिले. त्यात मर्म असे की काढणी कोरड्या हवेत होते, त्यामुळे बी जिवंत राहते. परंतु पेरणी जानेवारीच्या मध्यापलीकडे लांबली तर शेंगा भरण्याचा काळ कडक उन्हात सापडतो, दाणा बारीक राहतो आणि उतारा घटतो. पाण्याची हमी असेल त्यानेच हे करावे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी ज्यांना लाभते अशा आपल्या अंबड तालुक्यातील बांधवांनी याचा अवश्य विचार करावा.

आपल्या जिल्ह्याला बियाण्याचे शास्त्र परके नाही. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही संस्था स्थापन केली. त्यांना १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास, १९६६ साली, देशाचा बियाणे कायदा झाला. १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ आले. १९७६ साली अकोल्यास महाबीज उभे राहिले. जालना व त्याला लागून असलेल्या देऊळगाव राजाच्या टापूत शेडनेटखाली भाजीपाल्याचे बियाणे तयार करणारी कुटुंबे आज गावोगाव आहेत. या साऱ्या उद्योगाचे रहस्य काय? कोरडी हवा, स्वच्छ ऊन, मोजके पाणी आणि कुशल हात! ज्या हवामानाला आपण नावे ठेवतो, तेच बियाणे पिकविण्यास अनुकूल आहे. कंपनीच्या प्लॉटवर आमचा शेतकरी नर-मादीच्या ओळी वेगळ्या ठेवतो, भेसळीचे झाड उपटतो, अंतर राखतो, वेळेवर मळतो. हीच शिस्त तो स्वतःच्या घरच्या बियाण्याला मात्र लावीत नाही. दुसऱ्यासाठी बी निवडून पिकवावयाचे आणि स्वतःसाठी राशीतले उरलेसुरले ठेवावयाचे, हा व्यवहार कोणत्या शहाणपणाचा?

संकरित वाणाचे बी घरी धरू नये, कारण दुसऱ्या पिढीत त्याचे गुण विखुरतात. परंतु सोयाबीन, हरभरा, मालदांडी किंवा परभणी मोती यांसारखे सरळ वाण दरवर्षी विकत घेण्याचे कारण नाही. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, आणि छापील नाममुद्रा न लावता विकण्याचाही अधिकार शेतकऱ्याला दिला आहे. तो अधिकार कागदावर राहू नये यासाठी मी पाच गोष्टी सुचवितो.

पहिली : शेताचा एक तुकडा आरंभापासूनच बियाण्याचा म्हणून राखावा. तो बांधाकडेचा वा पाणथळ नसावा. जमीन सारखी व निचऱ्याची असावी, आणि तेथे नत्राचा हात आखडता ठेवावा. दुसरी : फुलोऱ्याच्या पंधरवड्यात त्या तुकड्याला पाण्याचा ताण पडू देऊ नये, बाकीच्या शेताला एक पाळी कमी पडली तरी चालेल. तिसरी : फुलोऱ्यापूर्वी, फुलोऱ्यात आणि काढणीपूर्वी असे तीन वेळा फिरून वेगळी दिसणारी व रोगट झाडे उपटून टाकावीत. चौथी : काढणी कोरडी साधावी. सोयाबीनच्या मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवावेत, पोती उंचावरून आदळू नयेत. सोयाबीन १२ टक्के आणि हरभरा व तूर ९ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून मगच साठवावीत. दाण्यातील ओलावा एक टक्क्याने उतरला की बियाण्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा शास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे. पाचवी : मे महिन्यात प्रत्येक घरी उगवण तपासावी. शंभर दाण्यांपैकी सत्तर उगवले तर नेहमीच्या मापाने पेरावे, थोडे कमी उगवले तर माप वाढवावे, आणि फारच कमी उगवले तर ते बी घाण्याला घालावे. मातीला घालू नये.

यापुढे एक सूचना मंडळाला आहे. आपण विद्यार्थ्यांचा गुणगौरव करतो, तो जरूर करावा. त्याचबरोबर प्रत्येक गावी दोन-तीन कुटुंबांनी एकेका सरळ वाणाचा व एकेका चारापिकाचा बियाण्याचा तुकडा राखावा, आणि मे महिन्यात त्याची देवाणघेवाण व्हावी, अशी व्यवस्था मंडळाने लावून द्यावी. यास मोठा निधी लागत नाही. बदनापूर व परभणी येथून पायाभूत बियाणे आणता येईल. पुढचे काम आपल्या हातांचे आहे. आणि हे बी देताना-घेताना ज्ञातीचा बांध मधे येऊ नये, एवढेही मी नम्रपणे सांगतो. परागाला वेस नसते, आणि शेजारच्या शेतातील भेसळ व कीड आपल्या शेतात येताना कोणाची जात विचारीत नाही. गावाचे बी सुधारले तरच आपले सुधारेल.

पाऊस आपल्या हाती नाही. २०१९ ची अतिवृष्टी आपल्या हाती नव्हती, २०१२ चा दुष्काळही नव्हता. परंतु फुलोरा कोणत्या हवेत यावा, बियाण्याचा तुकडा कोठे राखावा, माशी जगवावी की मारावी, आणि पेरण्यापूर्वी शंभर दाणे मोजावेत की नाही, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. जे हाती आहे तेवढे जरी आपण नीट केले, तरी पुढच्या जूनमध्ये आपल्यापैकी काही घरांना दुसऱ्यांदा पेरण्यासाठी सावकाराच्या ओट्यावर बसावे लागणार नाही. माझ्या या व्याख्यानाचे तेवढे जरी फळ मिळाले तरी मी कृतार्थ होईन.